घर आणि कायदा : न विचारता ठरलेलं

मागच्या महिन्यात मी आमच्या विश्रामबागच्या घरातली केबल बंद करून टाकली. कुणालाही न विचारता. रात्रीची जेवणं चालली होती आणि समोर एका हिंदी वृत्तवाहिनीवर चर्चा सुरू होती. चर्चा कसली, आठ खिडक्या, आठ चेहरे आणि आरडाओरडा. विषय आपलाच होता. सहावीत शिकणाऱ्या आमच्या धाकटीनं ताटावरून मान वर केली आणि विचारलं, "मम्मी, आपण खरंच असे आहोत का?" माझा घास घशाखाली उतरेना. दुसऱ्या दिवशी कोर्टात जाता जाता केबलवाल्याला फोन केला आणि लाइन बंद करायला सांगितली.

माझ्या सासूबाईंना, त्यांना आम्ही सगळे अम्मीच म्हणतो, हे कळलं ते टीव्ही लावल्यावर पडदा कोरा दिसला तेव्हा. दुपारची एक मालिका आणि संध्याकाळच्या मराठी बातम्या, एवढंच त्यांचं बघणं. गुडघ्यांमुळे बाहेर जाणं जवळपास थांबलंय. दोन दिवस त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मगरिबनंतर तस्बीह बाजूला ठेवून म्हणाल्या, "बेटा, तू केलंस ते चूक होतं असं मी म्हणत नाही. पण तू वकील ना? तुमच्या कोर्टात समोरच्याचं ऐकून न घेता निकाल देतात का?"

मला उत्तर सुचलं नाही. कारण त्याच आठवड्यात या सदराकडे आलेल्या पत्रांची चळत माझ्या टेबलावर होती आणि त्यातल्या निम्म्या पत्रांत वेगवेगळ्या शब्दांत एकच मागणी होती : आपल्याविरुद्ध विष ओकणाऱ्या वाहिन्या सरकारनं एका फटक्यात बंद का करू नयेत? त्यासाठी कडक कायदा का करू नये? मी घरात जे केलं, तेच सरकारनं देशात करावं, अशी ती मागणी होती. म्हणून या महिन्यात त्याबद्दलच लिहिते. टीव्हीवर काय दिसावं हे सरकारनं ठरवायचं असेल तर ते कसं ठरवावं, आणि कुणाला न विचारता ठरवलं तर न्यायालय काय करू शकतं?

हवेतल्या लहरी कुणाच्या?

सुरुवात क्रिकेटपासून करू. १९९३ साली कोलकात्याच्या क्रिकेट संघटनेनं हीरो कप स्पर्धा भरवली आणि प्रक्षेपणाचे हक्क एका परदेशी कंपनीला दिले. दूरदर्शननं हरकत घेतली. सरकारचं म्हणणं असं की १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यानुसार प्रक्षेपणाचा मक्ता आमचा आहे, परवानगी द्यायची की नाही हे आम्ही ठरवू. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिलं. हे आपले मराठी न्यायाधीश, पुढे प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि निवृत्तीनंतर पुण्यात राहिले.

त्या निकालाचा गाभा असा की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती सरकारच्या मालकीची नाही आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्याही मालकीची नाही. लहरी मर्यादित असतात म्हणून त्यांच्या वापरावर नियंत्रण हवं, पण ते नियंत्रण सरकारपासून स्वतंत्र असलेल्या संस्थेकडे असावं. आणि बोलणाऱ्याला जसा बोलण्याचा हक्क आहे तसा ऐकणाऱ्यालाही वेगवेगळी मतं ऐकण्याचा हक्क आहे. राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) मध्ये तो येतो. म्हणजे विश्रामबागच्या घरात टीव्हीसमोर बसलेल्या आमच्या अम्मींनाही या प्रकरणात हक्क आहे. प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्ये संमत होऊन पडून राहिला होता. तो या निकालानंतर, १९९७ मध्ये लागू झाला.

आता उलट बाजूची एक गोष्ट, तीही महाराष्ट्रातली. १९८८ साली दूरदर्शनवर 'होनी अनहोनी' नावाची मालिका चालू होती. तिच्यामुळे अंधश्रद्धा पसरते म्हणून लोकविज्ञान संघटनेनं मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली आणि प्रक्षेपणाला स्थगिती मिळवली. हेतू चांगला होता, माणसं प्रामाणिक होती. पण सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी जुलैमध्ये ती स्थगिती उठवली. मालिकेमुळे समाजाचं खरोखर नुकसान होतंय असं दाखवणारा पुरावा समोर नव्हता, आणि पुराव्याशिवाय कुणाचं तोंड बंद करता येत नाही. आपल्याला एखादी गोष्ट न आवडणं आणि ती कायद्यानं थांबवावी इतकी घातक असणं, यातलं अंतर न्यायालय तेव्हापासून मोजत आलं आहे.

दंडुका कुणावर पडतो?

"सगळ्या वाहिन्या बंद करा" असं लिहिणाऱ्या वाचकांना मी मीडियावनची आठवण करून देईन. ही केरळमधली मल्याळम वृत्तवाहिनी. मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या दंगलीच्या वार्तांकनावरून तिच्यावर आणि एशियानेट न्यूजवर ४८ तासांची बंदी आली होती. ती दुसऱ्याच दिवशी मागे घेतली गेली. पण ३१ जानेवारी २०२२ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयानं मीडियावनची परवानगीच रद्द केली. कारण काय, तर गृह मंत्रालयानं सुरक्षा मंजुरी नाकारली. ती का नाकारली? ते गुपित. वाहिनीला सांगितलं नाही. केरळ उच्च न्यायालयात सरकारनं बंद लिफाफा दिला, न्यायाधीशांनी तो वाचला आणि आधी एकल पीठानं, मग खंडपीठानं बंदी कायम केली. ज्याच्यावर आरोप होता त्याला आरोप काय आहे हे शेवटपर्यंत कळलं नाही.

५ एप्रिल २०२३ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती हिमा कोहली यांच्या पीठानं ही बंदी रद्द केली. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं : राष्ट्रीय सुरक्षा हा शब्द उच्चारला की न्यायालयानं मान खाली घालावी, असं होणार नाही. कारणं लपवायची असतील तर ती का लपवायची हे सरकारनं पटवून द्यावं लागेल. वाहिनी सरकारच्या धोरणांवर टीका करते, म्हणून ती व्यवस्थेच्या विरोधातली ठरत नाही. आणि जमाअत-ए-इस्लामी हिंद ही बंदी घातलेली संघटना नसताना, तिच्याशी कथित संबंध आहे एवढ्यावर सुरक्षेचा धोका मानता येत नाही.

तर प्रश्न असा. विष ओकणाऱ्या वाहिन्यांसाठी आपण एक मजबूत दंडुका मागितला आणि सरकारनं तो तयार केला. तो पहिल्यांदा कुणाच्या पाठीवर पडेल? दंडुका धरणारा हात आपला नसतो. म्हणून दंडुक्याच्या जाडीपेक्षा तो उगारण्याआधी काय काय करावं लागेल, कुणाला विचारावं लागेल, कारण लेखी द्यावं लागेल का, याकडे आपण जास्त लक्ष द्यायला हवं.

याचा अर्थ टीव्हीवरचा द्वेष सोसत राहायचा असा नाही. २०२० च्या टाळेबंदीत तबलिगी जमातीच्या नावानं जे चाललं ते आपण विसरलेलो नाही. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले, तेव्हा वृत्तपत्रं आणि वाहिन्यांनी चालवलेल्या अपप्रचारावरही बोट ठेवलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नागरी सेवांत मुस्लिम 'घुसखोरी' करतात असं सांगणाऱ्या सुदर्शन टीव्हीच्या कार्यक्रमाचे उरलेले भाग सर्वोच्च न्यायालयानं थांबवले. हे दोन्ही आधीपासून असलेल्या कायद्यांच्या आधारे झालं. १९९५ च्या केबल टेलिव्हिजन कायद्याखालच्या कार्यक्रम संहितेत धर्मांवर किंवा समाजघटकांवर हल्ला करणारं, जातीय भावना भडकवणारं प्रक्षेपण निषिद्ध आहेच. तो कायदा समान रीतीनं वापरला जात नाही, हे आपलं दुखणं आहे.

विचारणं बंधनकारक आहे का?

आता अम्मींच्या प्रश्नाकडे येऊ. धोरण ठरवताना लोकांना विचारलं नाही, एवढ्याच कारणावरून न्यायालय ते रद्द करतं का?

खरं उत्तर असं आहे : आपल्या देशात बहुतेक वेळा नाही. एका माणसाविरुद्ध किंवा एका वाहिनीविरुद्ध आदेश काढायचा असेल तर त्याचं ऐकून घ्यावं लागतं, कारण देता यावं लागतं. मीडियावनच्या बाजूनं निकाल लागला तो याच तत्त्वावर. पण सर्वांना लागू होणारं धोरण किंवा नियम असेल तर मूळ कायद्यात 'लोकांचं मत घ्या' असं लिहिलेलं असेल तरच ते बंधनकारक असतं. २०१४ साली केंद्र सरकारनं स्वतःच एक धोरण ठरवलं की कुठल्याही कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा. पण तो कायदा नव्हे. तो मोडला म्हणून कुणाला शिक्षा होत नाही.

मग न्यायालय बघतं तरी काय? साधारण चार गोष्टी. हा नियम करण्याचा अधिकार सरकारला मूळ कायद्यानं दिला होता का? कायद्यानं सांगितलेली पद्धत पाळली का? मूलभूत हक्कांवर गदा येते का, आणि येत असेल तर ती घटनेनं घालून दिलेल्या कारणांत बसते का? आणि नियम उघडउघड मनमानी आहे का? धोरण चांगलं की वाईट, हे न्यायालय ठरवत नाही. ते लोकांनी निवडून दिलेल्यांचं काम. अनेक वाचक इथे निराश होतात. पण उद्या एखादं चांगलं धोरण एखाद्या न्यायाधीशाला आवडलं नाही म्हणून रद्द झालं तर ते आपल्याला चालेल का, याचाही विचार करावा.

जिथे कायद्यात विचारणं बंधनकारक आहे तिथे काय होतं, त्याचं उदाहरण आपल्या घरच्या केबलबिलातच आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, कायद्यात पारदर्शकपणे काम करण्याचं बंधन लिहिलेलं आहे. म्हणून ट्राय आधी सल्लामसलतीचा कागद काढतं, सूचना मागवतं, खुली चर्चा घेतं. २०१९ पासून आपण वाहिन्या सुट्ट्या निवडू लागलो आणि १३० रुपये अधिक कर असं मूळ शुल्क आलं, ते अशा प्रक्रियेतून. १ जानेवारी २०२० रोजी ट्रायनं त्यात बदल केले. वाहिन्यांच्या मालकांनी ते मुंबई उच्च न्यायालयात आव्हानित केले. ३० जून २०२१ रोजी न्यायमूर्ती अमजद सय्यद आणि न्यायमूर्ती अनुजा प्रभुदेसाई यांनी एक अट वगळता ते बदल कायम ठेवले. नियामकानं सर्वांचं ऐकून, विचार करून काही ठरवलं असेल तर न्यायालय सहसा त्यात हात घालत नाही.

याच ट्रायचा एक नियम मात्र टिकला नाही. फोन मध्येच तुटला तर कंपनीनं ग्राहकाला एक रुपया द्यावा, दिवसाला जास्तीत जास्त तीन रुपये, असा तो नियम. ऐकायला आपल्या फायद्याचा. पण ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. कंपन्यांनी मांडलेल्या मुद्द्यांचा नीट विचार झाला नाही, नियम मनमानी आणि अपारदर्शक आहे, असं न्यायालय म्हणालं. आणि पुढे जाऊन संसदेला सुचवलं की अमेरिकेत १९४६ पासून आहे तसा, कुठलाही नियम करण्याआधी लोकांना कळवून त्यांच्या सूचना घेण्याचा सर्वसाधारण कायदा आपल्याकडेही करावा. तसा कायदा अजून झालेला नाही. माझ्या मते, आपल्या संघटनांनी बंदीच्या मागण्या करण्याऐवजी या कायद्याची मागणी करायला हवी.

एक मसुदा आणि एक निकाल

२०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत हे सगळं आपल्या डोळ्यांसमोर घडलं, पण घरात त्याची चर्चा फार झाली नाही. १० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रानं प्रसारण सेवा (नियमन) विधेयकाचा मसुदा जाहीर केला. १९९५ च्या केबल कायद्याची जागा घेणारा हा नवा कायदा. लोकांकडून सूचना मागवल्या, मुदतही वाढवली. इथपर्यंत ठीक. पण २०२४ च्या जुलैमध्ये बातम्या आल्या की त्याचा सुधारलेला मसुदा निवडक लोकांनाच दिला गेलाय, आणि कुणाची प्रत बाहेर गेली ते कळावं म्हणून प्रत्येक प्रतीवर खूण आहे. त्यात यूट्यूबवर बातम्या आणि मतं मांडणाऱ्या साध्या माणसांनाही वाहिन्यांसारखी बंधनं लागू करण्याचा विचार असल्याचं सांगितलं गेलं. लक्षात घ्या, ज्यांच्या वस्तीत टीव्हीचा कॅमेरा फक्त दंगलीच्या दिवशी येतो, त्यांच्यासाठी मोबाईलवरचा एखादा तरुण बातमीदार हीच वाहिनी असते. पत्रकारांच्या संघटनांनी जोरदार हरकत घेतली. १२ ऑगस्ट २०२४ रोजी मंत्रालयानं जाहीर केलं की सूचनांची मुदत १५ ऑक्टोबरपर्यंत वाढवली आहे आणि विचारविनिमयानंतर नवा मसुदा प्रसिद्ध केला जाईल. कुणालाही कोर्टात जावं लागलं नाही.

दुसरं प्रकरण मात्र कोर्टात गेलं, तेही मुंबईत. ६ एप्रिल २०२३ रोजी केंद्रानं माहिती तंत्रज्ञान नियमांत बदल करून स्वतःचं सत्यशोधन पथक नेमण्याचा अधिकार घेतला. केंद्राच्या कामकाजाविषयीचा कुठलाही मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे असं हे पथक म्हणालं की समाजमाध्यमांना तो दाखवणं धोक्याचं होणार होतं. विनोदकार कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आणि इतरांनी आव्हान दिलं. ३१ जानेवारी २०२४ रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांच्यात मतभेद झाला. मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं पथकाच्या अधिसूचनेला स्थगिती दिली. तिसरे न्यायाधीश अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी न्यायमूर्ती पटेलांच्या बाजूनं मत दिलं आणि तो नियम घटनाबाह्य ठरला. ज्याच्याबद्दल बातमी आहे त्यानंच बातमी खरी की खोटी हे ठरवायचं, हे समतेच्या आणि अभिव्यक्तीच्या हक्काला धरून नाही.

बाहेरच्या देशांत विचारण्याच्या बाबतीत न्यायालयं आणखी पुढे गेली आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या मंत्र्यांनी ३१ मार्च २०२२ ही तारीख ठरवून जुन्या पद्धतीचं टीव्ही प्रक्षेपण बंद करायचं जाहीर केलं. ज्यांच्याकडे नवा डबा नाही अशा लाखो गरीब घरांतला टीव्ही त्या दिवशी मुका झाला असता. ई.टीव्ही ही फुकट दिसणारी वाहिनी आणि काही नागरी संघटना न्यायालयात गेल्या. २८ जून २०२२ रोजी तिथल्या घटना न्यायालयानं ती तारीखच रद्द केली. कारण एकच : तारीख ठरवण्याआधी ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना विचारलं नव्हतं. आपल्याकडे सांगली-मिरजेसारख्या शहरांसाठी सेट टॉप बॉक्सची मुदत ३१ डिसेंबर २०१५ होती. तेव्हा डबे मिळत नव्हते म्हणून अनेक राज्यांतले लोक उच्च न्यायालयांत गेले होते आणि काही ठिकाणी मुदतवाढ मिळाली होती. पण 'आम्हाला विचारलं नाही' एवढ्या एका कारणावर आपल्याकडे तारीख रद्द झाली नसती.

मशवरा

विचारून ठरवणं हे आपल्याला परकं नाही. कुरआनातल्या बेचाळिसाव्या सूरहचं नावच 'अश्-शूरा', म्हणजे सल्लामसलत. आणि गंमत बघा, मदिन्यातला एक मोठा मशवरा एका अर्थानं प्रसारणाचाच होता. नमाजची वेळ झाली हे सगळ्यांपर्यंत कसं पोहोचवायचं? हदीसमध्ये येतं की कुणी घंटा सुचवली, कुणी शिंग. हजरत उमर (रजि.) म्हणाले की एखाद्या माणसानं हाक द्यावी. हजरत अब्दुल्लाह बिन जैद (रजि.) यांनी आपलं स्वप्न सांगितलं. मग प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते शब्द हजरत बिलाल (रजि.) यांना शिकवायला सांगितले, कारण त्यांचा आवाज चांगला होता. ज्यांच्याकडे वहीचा मार्ग होता त्यांनीही सोबत्यांना विचारलं. हुदैबियाच्या कठीण प्रसंगी त्यांनी हजरत उम्मे सलमा (रजि.) यांचा सल्ला ऐकला आणि पेच सुटला. घरातल्या बाईचा सल्ला घेण्यात कमीपणा मानणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा. आणि घरातल्या सासूला न विचारणाऱ्या सुनेनंही.

आपण काय करू शकतो

एक. एखाद्या वाहिनीवर द्वेष पसरवणारा कार्यक्रम दिसला तर व्हॉट्सॲपवर तो पुढे पाठवून फक्त त्याचा प्रसार होतो. त्याऐवजी तारीख, वेळ, कार्यक्रमाचं नाव आणि नेमकं वाक्य लिहून ठेवा. केबल नियमांत जून २०२१ मध्ये तीन पायऱ्यांची तक्रार व्यवस्था आली आहे. पहिली तक्रार वाहिनीकडे, तिनं १५ दिवसांत निर्णय द्यायचा. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिन्यांच्या स्वयंनियमन संस्थेकडे अपील. त्यानंतर केंद्र सरकारकडे. तक्रार शांत भाषेत, एक पानी असावी. शिव्याशापांचं पत्र कुणी वाचत नाही.

दोन. मंत्रालय मसुदा जाहीर करून सूचना मागवतं तेव्हा त्या पाठवा. आपल्या मोहल्ला कमिटीनं, महिला मंडळानं एकत्र बसून दहा ओळी लिहिल्या तरी त्या नोंदल्या जातात. उद्या कोर्टात 'आम्ही सांगितलं होतं' म्हणायला तोच कागद लागतो. मसुदा मराठीत नसेल तर तो मराठीत मागा. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयानं ३० जून २०२० रोजी तो आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत उपलब्ध करायला सांगितलं होतं. ज्याला विचारायचं त्याला कळेल अशा भाषेत विचारायला हवं ना?

तीन. निर्णय कसा झाला हे माहिती अधिकारात विचारा. दहा रुपयांचं शुल्क आणि ३० दिवसांची मुदत. कुणाकुणाच्या सूचना आल्या, त्यांचं काय केलं, बैठकीचं इतिवृत्त काय, हे प्रश्न साधे आहेत आणि त्यांच्या उत्तरांतूनच पुढची याचिका उभी राहते.

चार. शेवटी न्यायालय. कलम २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येतं. पूर्वी त्यासाठी आम्हा सांगलीकरांना रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडून मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कोल्हापूर असे सहा जिल्हे त्याच्याकडे आले. सकाळी निघून संध्याकाळी घरी परत येता येतं. पण याचिका ही शेवटची पायरी ठेवा. २०२३ च्या जूनमध्ये आकाशवाणीचा पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करण्याचा निर्णय श्रोत्यांना न विचारता झाला होता. लोक बोलले, पत्रं गेली, लोकप्रतिनिधींनी आवाज उठवला आणि निर्णय थांबला. १९६३ पासून आपलं सांगली केंद्र ऐकत आलेल्या घरांनी हे लक्षात ठेवावं. रेडिओवरचा मराठी आवाज टिकवायचा तर श्रोत्यांनीही आवाज करावा लागतो.

आमच्या घरचं सांगते आणि थांबते. त्या जुम्म्याला जेवणानंतर आम्ही सगळे बसलो. धाकटीलाही बसवलं, कारण प्रश्न तिचाच होता. अम्मींनी त्यांची मालिका आणि मराठी बातम्या मागितल्या. मोठ्या मुलाला क्रिकेट हवं होतं. यांचं म्हणणं पडलं की चर्चा बघायची नाही, असा नियम करण्यापेक्षा जेवताना टीव्हीच नको. मी म्हटलं मान्य. केबल पुन्हा सुरू झाली, वाहिन्या कमी झाल्या, बिलही थोडं उतरलं. धाकटीची एक अट होती. आपल्याबद्दल टीव्हीवर काही आलं तर तिच्यासमोर रिमोट दाबून टाकायचा नाही, ते खरं की खोटं हे तिला सांगायचं. केबल तोडताना मला हे सुचलं नव्हतं.

त्यानंतर एकदा तशी वेळ आली. मी टीव्ही बंद केला नाही, आवाज कमी केला आणि तिच्याशेजारी बसले. तिचे प्रश्न संपेपर्यंत इशाची अजान झाली होती.

पुढच्या महिन्यात वारसाहक्काच्या दाखल्याबद्दल आलेल्या पत्रांना उत्तरं देईन. तोवर अल्लाह हाफिज.